धाकटा चौदा महिन्यांचा, मोठी पाच वर्षांची. मुंबई-गोवा क्रूझला न्यावं का?

रावेरची_सून

नमस्कार. डिसेंबरात मुंबईहून गोव्याच्या क्रूझला जायचा विचार चाललाय. आम्ही दोघं, सासूबाई, पाच वर्षांची मुलगी आणि चौदा महिन्यांचा मुलगा. केळीच्या बागेमुळे सगळ्यांना एकत्र घराबाहेर पडायला फार क्वचित मिळतं, आणि सासूबाईंनी आजवर तापीपेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नाही. म्हणून हे मला मनापासून करायचंय. नणंद मात्र म्हणते, एवढ्याशा बाळाला घेऊन समुद्रात जाऊ नका.

मुलीला कन्नड घाटात हमखास उलटी होते, मग जहाजावर काय होईल? धाकटा मऊ खिचडी, वरणभात आणि दुधावर आहे. छोटा इलेक्ट्रिक कुकर नेला तर चालेल का? खोली कोणती घ्यावी? बिनखिडकीची स्वस्त आहे, गॅलरीवाली बरीच महाग. लहान मुलं घेऊन जे गेलेत त्यांनीच सांगा, एजंटचं ऐकून झालंय.

भुसावळची_बालवाडीताई

वहिनी, आम्ही गेलोय, माझी मुलं तेव्हा साधारण तुमच्याच मुलांएवढी होती. बाळाच्या वयाची अडचण नाही. बहुतेक कंपन्या सहा महिन्यांखालचं बाळ घेत नाहीत, आणि सलग कित्येक दिवस किनारा न लागणाऱ्या लांबच्या फेऱ्यांना वर्षाची अट असते. तुमची फेरी त्यातली नाही.

कुकर घरीच ठेवा. किटली, इस्त्री, शेगडी, गरम होणारं काहीही जहाजावर चालत नाही. आगीची भीती असते, म्हणून सामान तपासतानाच काढून घेतात. घरचं शिजवलेलंही सहसा आत नेऊ देत नाहीत, तेव्हा दशम्या रेल्वेपुरत्याच बांधा. बाळाचं सीलबंद खाणं आणि दूध पावडर चालते. जहाजावर गेल्या गेल्या जेवणाच्या हॉलमधल्या मुख्य माणसाला भेटून सांगा, रोज बिनतिखटाचं वरण, मऊ भात आणि दही लागेल. आम्ही दुपारी सांगून ठेवायचो, रात्री मिळायचं. ऐनवेळी मागितलं तर गर्दीत कोण लक्ष देणार?

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. डायपर लागणाऱ्या मुलाला पोहण्याच्या तलावात उतरू देत नाहीत, पोहण्याचा खास डायपर घातला तरी. मुलांच्या खेळघरातही साधारण तीन वर्षांची आणि शी-शू सांगणारीच मुलं घेतात. म्हणजे जहाज तुमच्या मुलीसाठी जत्रा आहे, धाकट्यासाठी मात्र फक्त एक नवी खोली. त्याला पूर्ण वेळ कोणीतरी लागणार, आणि आपल्याकडे ते कोणीतरी म्हणजे आजी, हे न बोलता ठरलेलं असतं. कृपा करून तसं करू नका. ज्या माउलीला समुद्र दाखवायला निघालात तिला खोलीत पाळण्याशी बसवून येऊ नका. पाळ्या लावा, त्यात तुमच्या यजमानांनाही धरा. माझ्या सासूबाई संध्याकाळी कठड्याला धरून म्हणाल्या होत्या, "कितलं पानी शे वं माय!" तेव्हा बाळ माझ्या नवऱ्याच्या कडेवर होतं, म्हणून त्यांना ते निवांत बघता आलं.

खोली जहाजाच्या मधल्या भागातली आणि खालच्या मजल्यावरची घ्या. टोकांना आणि वर जास्त हलतं. खिडकी हवी, मुलीला बाहेर बघता आलं पाहिजे. गॅलरीसाठी पैसे घालू नका, पाच वर्षांचं मूल खुर्चीवर चढलं की तुमचा जीव टांगणीला. बाळाचा पाळणा बुकिंग करतानाच सांगून ठेवा, मोजकेच असतात.

निघण्याआधी सगळ्यांना सुरक्षेची कवायत करावी लागते. धोक्याचा इशारा म्हणजे सात छोटे भोंगे आणि एक लांब, आवाज फार मोठा असतो. मुलीला आधी सांगून ठेवा, नाहीतर घाबरेल. लहान मापाची लाइफ जॅकेटं खोलीत नसतील तर लगेच मागून घ्या.

धुळ्याची_सिस्टर

मी मुलांच्या वॉर्डात काम करते, म्हणून उलटीबद्दल तेवढं लिहिते. प्रवासातली मळमळ दोन वर्षांखालच्या बाळांना क्वचित होते, दोन ते बारा वर्षांच्या मुलांना जास्त. तेव्हा काळजी मुलीची घ्या. कानातला तोल सांभाळणारा भाग सांगत असतो की आपण हलतोय, आणि डोळ्यांना खोलीच्या भिंती स्थिर दिसतात. त्या गोंधळातून उलटी होते. तिला डेकवर न्या, लांब क्षितिजाकडे बघायला लावा, हातात मोबाईल देऊ नका. पोट रिकामं नको आणि तळलेलंही नको.

औषध दुकानातून आपल्या मनाने घेऊ नका, निघायच्या आधी मुलांच्या डॉक्टरांना दाखवून वजनाप्रमाणे लिहून घ्या. आणि मुलीचं औषध धाकट्याला चुकूनही देऊ नका. मळमळीवर वापरलं जाणारं प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या बाळांना देत नाहीत, श्वास मंदावण्याचा धोका असतो. ओआरएसची पाकिटं सोबत ठेवा. जहाजावर डॉक्टर असतात, पण फी वेगळी पडते आणि ते बालरोगतज्ज्ञ असतीलच असं नाही. जेवणाआधी हात साबणानेच धुवा. जहाजांवर जुलाब-उलट्यांची साथ पसरवणारा नोरोव्हायरस नुसत्या सॅनिटायझरने नीट जात नाही.

डिसेंबर निवडलात ते चांगलं केलंत. अरबी समुद्र खवळतो तो जून ते सप्टेंबर.

चाळीसगावकर

मी थोडं वेगळं सांगतो, ताई. बालवाडीताईंनी वर लिहिलंय त्यावरूनच माझं मत पक्कं झालं, धाकटा तीन वर्षांचा होईपर्यंत थांबा. भाडं माणशी असतं, वर कर, बंदराचे पैसे. सासूबाईंना समुद्र दाखवायला तोवर थांबायचं कारण नाही. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते, 2020 पासून चालू आहे, तासाभरात पलीकडे. गाडीसुद्धा बोटीत चढते. मुलीला पाणी सोसतं का तेही कळेल, आणि नाही सोसलं तर तासाभरात किनारा आहे. अलिबागला मुक्काम करा, मुलं वाळूत मनसोक्त खेळतील. वाळूत खेळायला वयाची अट नाही.

रावेरची_सून

तिघांचेही मनापासून आभार. आजीला पाळण्याशी बसवू नका हे वाचून मी थबकलेच, कारण आमच्याकडे सगळ्यांनी तेच गृहीत धरलं होतं. ह्यांना वाचायला दिलं, रात्रीची पाळी त्यांनी घेतली आहे. सासूबाईंना विचारलं, थांबायचं की जायचं? त्या म्हणाल्या, गुडघे साथ देतायत तोवर नेऊन आणा. म्हणून आम्ही जातोय. पण दिवाळीच्या सुट्टीत आधी मांडव्याच्या बोटीने जाऊन येऊ, दादांचं ते पटलं. एकच शंका राहिली. धाकट्याचं आधार काढलेलं नाही, जन्मदाखला पुरेल का?

भुसावळची_बालवाडीताई

जन्मदाखला चालतो का ते कंपनीकडून लेखी घ्या, पण बाल आधार काढूनच टाका. पाच वर्षांखाली बोटांचे ठसे लागत नाहीत, त्याचा जन्मदाखला आणि तुमच्यापैकी एकाचं आधार पुरतं. मुलीला पाच पूर्ण झालीत, तिचे ठसे आता द्यावे लागतील, तेही त्याच फेरीत उरका. गाडी भुसावळहून विदर्भ एक्सप्रेस धरा, सकाळी सीएसएमटीला पोचता, आणि क्रूझ सुटते तो बॅलार्ड पियरचा धक्का तिथून टॅक्सीने अगदी जवळ आहे. जहाज किनाऱ्यापासून लांब गेलं की फोन फ्लाइट मोडवर टाका, जहाजावरच्या नेटवर्कचं बिल फार येतं. घरी तसं आधीच सांगून ठेवा, म्हणजे फोन लागला नाही तर तुमच्या नणंदबाई काळजी करत बसणार नाहीत.