मदत हवी आहे: सोसायटीमागच्या मैदानात रोजचा ओपन बार आणि चार ऑफिसांची टोलवाटोलवी

सेक्रेटरी_नाइलाजाने:

नमस्कार. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला राहते. अठ्ठेचाळीस फ्लॅटची जुनी सोसायटी. सेक्रेटरी व्हायला कुणी तयार होईना, म्हणून मार्चपासून मी आहे. लिफ्ट आणि टँकर सांभाळीन म्हटलं होतं, हे भलतंच गळ्यात पडलंय.

सोसायटीच्या मागे महापालिकेचं छोटं मैदान आहे. त्याला लागून नाला, नाल्यापलीकडे वस्ती. दिवसा आमची आणि वस्तीतली पोरं तिथे क्रिकेट खेळतात, संध्याकाळी आज्या बाकांवर बसतात. साडेआठ-नऊ वाजले की मैदान ताब्यात जातं. कोपऱ्यावर वाइन शॉप, शेजारी उकडलेली अंडी आणि चण्यांची गाडी. बाटली तिथून, चकणा तिथून आणि बसायला आमचं मैदान. सकाळी दूध आणायला जाते तेव्हा बाकाखाली क्वार्टरच्या रिकाम्या बाटल्या, चुरगाळलेले प्लास्टिकचे ग्लास आणि अंड्यांची टरफलं हे ठरलेलं. गेल्या मंगळवारी बिअरची बाटली फुटलेली होती, ती घसरगुंडीच्या अगदी पायथ्याशी, जिथे पोरं घसरत येऊन बूड टेकतात. वीस मिनिटं काचा वेचल्या. वाळूत अजून असतील.

महिन्यातून दोन-तीनदा रात्री बाराला ‘भाईचा बड्डे’. बाइकच्या सीटवर केक, सायलेन्सरचे फटफट आवाज, फटाके. एकदा केक कोयत्याने कापला, मी स्वतः खिडकीतून पाहिलं.

तिसऱ्या मजल्यावरचे काका निवृत्त शिक्षक आहेत. ते एकदा खाली जाऊन समजावून आले. पोरं ‘हो काका, हो काका’ म्हणाली. सकाळी काकांच्या स्कूटरची सीट ब्लेडने फाडलेली. तेव्हापासून आमच्या मागच्या खिडक्या बंद.

आता टोलवाटोलवी. चौकीत म्हणतात, ‘तिथे उजेड नाही, कुंपण तुटलंय, आधी महापालिकेला सांगा.’ क्षेत्रीय कार्यालयात म्हणतात, ‘दिवे लावले की पोरं फोडतात, आधी पोलिसांना सांगा.’ उद्यानवाले म्हणाले, ते उद्यान नाही, क्रीडांगण आहे. उत्पादन शुल्कवाले म्हणाले, दुकानाचा परवाना नियमात आहे, बाहेर कोण कुठे बसून पितं ते आमच्याकडे येत नाही. गंमत म्हणजे आपापल्या जागी कुणीच खोटं बोलत नाहीये.

११२ ला फोनही केला. दहा-बारा मिनिटांत आले, त्याबद्दल तक्रार नाही. पण गेटवर उभं राहून मोठ्याने विचारलं, ‘फोन कोणी केला होता?’ वॉचमनने माझ्या खिडकीकडे बोट दाखवलं.

तर मदत अशी हवी आहे की या चौघांना एकदम मैदानात उभं कसं करायचं? आणि माझं नाव चव्हाट्यावर न येता? कुणी हे केलं असेल तर नक्की काय केलं ते सांगा. ‘आपल्या देशात काही होणार नाही’ हे माझे मिस्टर रोज सांगतात, ते नको.

ढोलताशा:

सीसीटीव्ही लावा. विषय संपला.

सेक्रेटरी_नाइलाजाने:

दोन आहेत. खांबावरचा दिवा बंद असल्यामुळे रात्री काळ्या पडद्यावर सिगारेटचे ठिपके दिसतात.

खांबक्रमांक:

महापालिकेत कनिष्ठ अभियंता होतो, विद्युत विभागात. तुमच्या तक्रारीचं काय होतं ते आतून सांगतो. ‘मैदानात अंधार आहे’ असं लिहिलेला अर्ज टेबलावरून टेबलावर फिरतो, कारण तो कुणाचाच नाही. ‘खांब क्रमांक अमुक, दिवा बंद’ असा आला की तो एका माणसाचा होतो. खांबावर नंबर रंगवलेला असतो, दिवसा जाऊन फोटो काढा. कुंपण भवन विभागाचं, काचा-कचरा घनकचऱ्याचा, अंड्याची गाडी अतिक्रमणची. प्रत्येकाची तक्रार वेगळी टाका आणि प्रत्येकाचा टोकन नंबर जपा.

हे टोकन हातात आले की क्षेत्रीय कार्यालयाच्या सहायक आयुक्तांना एकच पत्र द्या. त्यात वेगळी मागणी नको, फक्त ‘संयुक्त पाहणी’ मागा. हा शब्द नेमका वापरा. बैठक मागितलीत तर चहा होईल. संयुक्त पाहणीत सगळ्यांना जागेवर यावं लागतं, आणि जागेवर ‘हे आमचं नाही’ म्हणायला अंमळ जड जातं, कारण ज्याचं आहे तो शेजारीच उभा असतो. पोलीस ठाण्याला प्रत द्या. दिवसा अकराला बोलावू नका, मैदान तेव्हा गुणी बाळ असतं. संध्याकाळी सातची वेळ मागा. नाराज होतील, पण एकदा येतात.

आणि पाहणीचं इतिवृत्त तुम्हीच लिहा. कोण काय म्हणालं, किती तारखेपर्यंत करतो म्हणालं. त्याच रात्री सगळ्यांना मेल. सरकारी इतिवृत्ताची वाट बघितलीत तर दिवाळी येईल.

जुनी_खाकी:

मॅडम, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. गेटवर तक्रारदाराचं नाव विचारणं चूकच. यापुढे ११२ वर कॉल घेणाऱ्याला आणि नंतर तुम्हाला फोन करणाऱ्या गस्तीवरच्या पोलिसाला (मार्शलला), दोघांनाही सांगायचं, ‘नाव उघड करायचं नाही, काय विचारायचं ते फोनवर विचारा.’ वॉचमनलाही शिकवा. अर्ज एकट्याच्या नावाने कधीच नको. सोसायटीच्या लेटरहेडवर ठराव आणि खाली तीसेक सह्या. तीस स्कूटरींच्या सीट कुणी फाडत नाही.

कायद्याचं थोडक्यात. सार्वजनिक जागी धिंगाणा म्हणजे महाराष्ट्र पोलीस कायदा ११०/११७, त्यात दंड होतो. पिऊन गोंधळ घातला तर दारूबंदी कायदा कलम ८५. रात्री दहानंतर स्पीकर बंद, हे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. त्याच त्या पोरांवर वारंवार कारवाई झाली की चॅप्टर केस करता येते, म्हणजे शांतता राखायचा बाँड लिहून घ्यायचा. पूर्वी कलम १०७ म्हणायचो, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १२६. आयुक्तालयाच्या हद्दीत ते बाँड एसीपी साहेब घेतात. त्यासाठी आधीच्या कारवाया कागदावर लागतात. म्हणून प्रत्येक वेळी फोन करायचा. ‘रोज रोज काय करायचा’ म्हणून लोक सोडून देतात आणि मग ठाण्याच्या नोंदीत तुमचं मैदान एकदम शांत दिसतं. कोयता मात्र वेगळी गोष्ट. तो दिसला की त्याच क्षणी ११२, सकाळची वाट बघायची नाही.

तुमचा भाग ज्याच्याकडे आहे त्या पोलिसाचा, म्हणजे बीट अंमलदाराचा, नंबर घ्या. गस्तीच्या क्यूआर कोडचा एक पॉइंट मैदानाच्या फाटकावर मागा. स्कॅन करायला गाडीला तिथपर्यंत यावंच लागतं.

लाठीवाला_भाऊ:

पाच-सहा तगडी माणसं, हातात दांडकी, रात्री एक फेरी. दोन दिवसांत मैदान मोकळं. बाकी सगळे कागद आहेत.

जुनी_खाकी:

भाऊ, पहिल्या फेरीत कुणाचं डोकं फुटलं तर पहिला गुन्हा तुमच्यावर दाखल होईल, आणि तो मीच लिहिला असता. फेरी मारायचीच तर टॉर्च आणि शिट्टी घेऊन, बीट अंमलदाराला सांगून. बायका सोबत असल्या तर उत्तम.

एक जुनं सांगतो. भिवंडी १९८४ च्या दंगलीत होरपळली होती. पुढे सुरेश खोपडे साहेब तिथे पोलीस उपायुक्त असताना गल्लोगल्ली मोहल्ला कमिट्या झाल्या. दोन्हीकडची साधी माणसं आणि पोलीस, शांत दिवसांत एकत्र बसायचे. नळाचं भांडण, पार्किंगचं भांडण असल्या फुटकळ गोष्टींवर. १९९२-९३ ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. तुमचा मामला त्यापुढे किरकोळ आहे, पण ओळख आधी लागते हे तिथेच शिकलो.

लेस्टरकर:

ताई, इकडून थोडं. इंग्लंडमध्ये १९९८ च्या कायद्याने कौन्सिल आणि पोलीस यांना अशा कामासाठी एकत्र बसणं बंधनकारक केलंय, पुढे अग्निशमन आणि आरोग्यखातंही त्यात आलं. म्हणून टोलवाटोलवी नसते असं समजू नका. आमच्या घरामागच्या बोळाचं प्रकरण मी स्वतः भोगलंय, वर्षभर दोन्हीकडून गोड ईमेल. मग कळलं की २०१४ च्या कायद्यात एक सोय आहे: सहा महिन्यांत तीन तक्रारी होऊनही प्रश्न तसाच राहिला, तर सगळ्या खात्यांना मिळून त्या प्रकरणाचा फेरआढावा घ्या असं नागरिक सांगू शकतो. आमचं काम एका वहीने झालं. तारीख, वेळ, काय झालं, घरात कुणाला काय त्रास झाला, कुणाला कळवलं. ‘नेहमी त्रास होतो’ याला उत्तर मिळत नव्हतं. ‘बारा तारखेला रात्री ११:४०, मुलगी झोपेतून दचकून उठली’ याला मिळालं. कायदा इकडचा आहे, वही तिकडेही चालेल.

वस्तीशाळा:

वस्त्यांमधल्या मुलांसोबत काम करते. थोडं कडू बोलते, राग मानू नका. तुमच्या पोस्टमध्ये नाल्यापलीकडची वस्ती एका ओळीत येऊन गेली. तिथल्या बायकांना तुम्ही विचारलंय का? तुमच्या खिडक्या बंद होतात. त्यांच्यातल्या कितीतरी जणींना रात्री घराबाहेरच्या संडासला त्याच मैदानाच्या कडेने जावं लागत असेल. आणि पिणारे सगळे वस्तीतलेच आहेत ही खात्री कुणी केली?

दुसरं म्हणजे यात अठराच्या आतली मुलं असली तर चॅप्टर केसच्या गप्पा त्यांच्यासाठी नाहीत. प्रत्येक पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, २०१५ च्या बाल न्याय कायद्यानेच. त्याचं नाव विचारा, संयुक्त पाहणीला त्यालाही बोलवा. मुलाला दारू देणारा मोठा माणूस याच कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत आत जाऊ शकतो. हे कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या कानावर घालायला हरकत नाही, तेही बीट अंमलदाराच्या तोंडून.

सेक्रेटरी_नाइलाजाने:

वस्तीशाळा ताई, दोन दिवस तुमच्यावर चिडले होते. मग रविवारी गेले. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी तिथेच राहतात, त्यांनी बचत गटाच्या बायकांशी गाठ घालून दिली. सात वर्षं त्या माझ्या ओट्यापाशी उभ्या आहेत आणि मी पहिल्यांदा त्यांच्या दारात.

तिथे कळलं की त्यांनी मागच्या वर्षीच अर्ज दिलाय, त्याच चौकीत. पोच घेतलेली नाही. एकीच्या सोळा वर्षांच्या मुलाने तिथे बसायला लागल्यापासून शाळा सोडली. बाटल्यांच्या काचा नाल्याच्या कडेला त्यांच्याही पोरांच्या पायात जातात. आणि एक बाई अगदी सहज म्हणाल्या, ‘तुमच्या बिल्डिंगमधली ती निळ्या बाइकवाली पोरं पण असतात की.’ निळी बाइक आमच्या बी विंगमधली आहे. चालवणारा अकरावीत. त्याच्या वडिलांची सही माझ्या तक्रारीवर दुसऱ्या नंबरला आहे.

आता काय करू? कमिटीत हे बोलले तर आकाश कोसळेल.

जुनी_खाकी:

कमिटीत नाही, वडिलांना एकटं गाठा. २०१९ पासून मोटार वाहन कायद्यात १९९-अ आहे. अल्पवयीन मुलगा गाडीसह सापडला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. एवढं सांगितलं की चावी कपाटात जाते.

खांबक्रमांक:

एवीतेवी बायका एकत्र आल्याच आहेत, तर ‘आडवी बाटली’ करा ना, म्हणजे दारूचं दुकान हटवायला बायकांचं मतदान. आडवी बाटली जिंकली की दुकानच बंद, उभी जिंकली की चालू.

वस्तीशाळा:

मागायला वॉर्डातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांच्या सह्या लागतात, त्या जमतीलही. पण मतदानात यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. जी बाई घरी बसली ती उभ्या बाटलीला मत देऊन गेली असंच धरा. आधी दिवा लागू दे.

सेक्रेटरी_नाइलाजाने:

ताजी खबर. निळी बाइक चार दिवस पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी आहे. त्या वडिलांनी माझ्याशी बोलणं टाकलंय, पण सही मागे घेतली नाही.

चार टोकन नंबर आले. खांबावरचा नंबर अर्धा खरवडला होता, मावशींच्या नातवाने खांद्यावर चढून वाचला. संयुक्त पाहणीला येत्या शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाची वेळ दिली आहे, सातला नाही म्हणाले. चौकीतून बीट अंमलदार येतो म्हणाले. उत्पादन शुल्कचं उत्तर नाही. वही सुरू केली आहे. एक आमच्याकडे, एक बचत गटाकडे. त्यांची जास्त भरते, कारण त्यांच्या खिडक्यांना काचा नाहीत.

एक शेवटचं विचारते, म्हटलं तर बारीक आहे. पत्रावर आधी सोसायटीचं नाव घालू की बचत गटाचं? आमच्या चेअरमनना सोसायटीचं वर हवंय, ‘वजन पडतं’ म्हणून.

खांबक्रमांक:

बचत गटाचं वर घाला. त्यांचा अर्ज एक वर्ष आधीचा आहे, आवक-जावक रजिस्टरमध्ये नोंद असणार. पत्रात तिची तारीख टाका, संदर्भ क्रमांक एक म्हणून.