'पाणथळ म्हणजे दलदल' हे वाक्य खोडायला लावलं, चुकलं का?

खाडीकाठ
२ फेब्रुवारीला जागतिक पाणथळ दिन असतो. त्यावर भाचीला शाळेसाठी निबंध लिहायचा होता. पहिलंच वाक्य: 'पाणथळ म्हणजे दलदल.' मी ते खोडायला लावलं आणि घरात वाद पेटला. तो इथे आणतेय.

पाय रुततो ती दलदल. हा शब्द ऐकला की लोकांना भराव टाकावासा वाटतो. आमच्या पेण-अलिबागकडे भरतीचं पाणी येणाऱ्या खाडीकाठच्या जमिनीला खाजण म्हणतात, तिथल्या झाडीला कांदळवन म्हणतात. खारबंदिस्तीच्या, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या आत भात पिकतो, तळ्यात जिताडा मासा वाढतो, भरतीचं पाणी बांधातल्या उघाडीच्या झडपेशी अडतं. बांधाला खांड गेली, म्हणजे बांध फुटला, की खारं पाणी आत शिरतं आणि भात हातचा जातो. यातलं दलदल कुठलं? खरं सांगायचं तर 'पाणथळ'ही मला सरकारी गोणपाटासारखा वाटतो, काहीही कोंबा.

ऊसवाला
ताई, आमच्याकडे पाणथळ हे रोगाचं नाव आहे. कृष्णाकाठी 'क्षारपड-पाणथळ' असा जोडशब्दच चालतो. आम्ही नुसतं चिबड म्हणतो. पाण्याची सोय झाली तसं उसाला वारेमाप पाणी पाजलं, निचऱ्याची सोय केली नाही. खालचं पाणी वर आलं, सोबत क्षार आले, रानावर पांढरा थर चढला. माझं दीड एकर त्यात गेलंय. आणि तुम्ही त्याचा 'दिन' साजरा करता!

नियमबुक
दोघांशी असहमत. बोलीतले शब्द गोड असतील, पण संरक्षण द्यायचं तर एकच मोठा शब्द लागतो. १९७१ साली इराणमधल्या रामसर इथे पाणथळांच्या संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याची व्याख्या मुद्दाम ऐसपैस आहे: नैसर्गिक वा मानवनिर्मित, कायमचं वा हंगामी, वाहतं वा साचलेलं, गोडं, मचूळ वा खारं. ओहोटीला सहा मीटरपर्यंत खोल असलेला समुद्रही त्यात धरतात.

महाराष्ट्रातली रामसर स्थळंच, म्हणजे या कराराच्या यादीतली पाणथळंच बघा. नांदूर मध्यमेश्वर म्हणजे गोदावरी-कादवा संगमाजवळच्या बंधाऱ्यामागे साचलेला गाळ आणि पाणी. लोणार म्हणजे उल्कापाताच्या विवरातलं खारं सरोवर. तिसरी ठाण्याची खाडी. या तिघांना धरणारा शब्द खाजण नाही, दलदल नाही, विदर्भातली बोडी (शेतातलं छोटं तळं) हीही नाही. पाणथळला पर्याय सुचवा, मग बोला.

झाडीपट्टी
बोडीचं नाव काढलंत म्हणून लिहितो. तुमचा 'मोठा शब्द' कागदावर आला की आक्रसतो. आपल्याकडच्या २०१७ च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येत भातशेती नाही, मिठागरं नाहीत, सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे नाहीत. आमच्या गोंदियात सारस पक्षी धानाच्या बांधीत (भातखाचरात) घरटं करतो, बोडीवर चरतो. म्हणजे पक्षी पाणथळातला आणि घरटं पाणथळाबाहेर. लोकांनी बांधी, बोडी, तलाव अशी वेगवेगळी नावं ठेवली, कारण प्रत्येकाचं पाणी कुणी, कधी आणि किती सोडायचं हे त्या नावातच कळतं. तुमच्या एका शब्दात ते कुठे दिसतं?

नियमबुक
तो दोष नियमाचा. शब्दाला कशाला झोडपता?

झाडीपट्टी
वगळलं कुणी? व्याख्येनेच ना? आणि व्याख्या कशाची होती? :)

खाडीकाठ
नियमबुक, लोणारचा मुद्दा मान्य. तिथे माझ्याकडे शब्द नाही. पण रामसरची व्याख्या मुलीला निबंधात कशी लिहायला सांगू? 'सहा मीटरपर्यंतचा समुद्र' वाचून बाई वही परत करतील. तिला म्हटलं, आजीला विचार, आपल्याकडे खाजणात काय काय मिळतं. तिने जिताडा, कोळंबी, चिंबोऱ्या (खेकडे) एवढं लिहिलं. माझ्या मते व्याख्येच्या जागी ते चालेल.

नियमबुक
ही मासळीबाजाराची यादी झाली. भराव टाकणाऱ्याविरुद्ध कोर्टात 'चिंबोऱ्या मिळतात' म्हणून उभं राहायचं का?

खाडीकाठ
मासेमारी करणाऱ्याचं पोट त्यावर असेल तर उभं राहावंच. पक्ष्यांचे फोटो दाखवता, तसं मासेमारीचं डोल जाळंही दाखवा.

ऊसवाला
तुमचं चालू द्या. एक अडचण सांगतो. यंदा निचऱ्यासाठी पाईप घालायचं घाटतंय, खर्चाचा आकडा बघून पोटात गोळा आलाय. आणि त्याच चिबडात लव्हाळा माजलाय, दोन पाणकोंबड्या पिल्लं घेऊन फिरतायत. बायको म्हणते, पिल्लं मोठी होईस्तोवर चर काढू नका. नियमबुक साहेब, माझं हे रान तुमच्या व्याख्येत बसतं का, तेवढं आधी सांगा. पाईपवाला सोमवारी येतोय.