मायक्रोस्विचचा कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स: चांगला-खराब दोन्हींना मीटर ०.३ ओहमच दाखवतो

खाडीकाठ (रत्नागिरी)
जेटीवरच्या विंचला (दोर ओढायच्या यंत्राला) लिमिटसाठी, म्हणजे टोकाला पोचल्याचं कळायला, लहान मायक्रोस्विच आहेत, चांदीचे कॉन्टॅक्ट, ५ अँपिअरचे. कंट्रोलरचा इनपुट ५ व्होल्ट, पुल-अप (इनपुट ५ व्होल्टकडे ओढून धरणारा रेझिस्टर) १० किलोओहम, म्हणजे करंट जेमतेम अर्धा मिलिअँपिअर. मिरग लागला की इनपुट मध्येच सुटतो. स्विच काढून २०० ओहमच्या रेंजवर धरला तर नवा असो की जुना, ०.३ ओहम. डेटाशीटमध्ये ३० मिलिओहमच्या आत लिहिलंय. मिलिओहममीटर नाही, साधा मल्टिमीटर आणि सोल्डरिंगचं सामान आहे. कसं मोजायचं?

मिलिओहम
ते ०.३ तुमच्या प्रोबच्या वायरींचं. दोन्ही टोकं एकमेकांना लावा, तेवढंच येईल. स्विचच्या प्रत्येक पायाला दोन वायरी हव्यात: एका जोडीतून करंट सोडायचा, दुसरीवर फक्त व्होल्टेज बघायचं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ओहम रेंजवर मीटर उघड्या टोकांना अर्ध्या व्होल्टपासून दोन-तीन व्होल्टपर्यंत देतो. कॉन्टॅक्टवरचा सल्फाइडचा पापुद्रा तेवढ्याने फुटू शकतो, मग तुम्ही पापुद्रा नाही, त्याला पडलेलं भोक मोजता. म्हणून उघड्या कॉन्टॅक्टवर २० मिलिव्होल्टच्या वर जाऊ द्यायचं नाही.

९ व्होल्टची बॅटरी, ७८०५ (स्थिर ५ व्होल्ट देणारी चिप), त्यापुढे १ किलोओहमचे दोन रेझिस्टर समांतर (१ टक्क्याचे). हे झाले १० मिलिअँपिअर. २ ओहमचा रेझिस्टर थेट स्विचच्या पायांवर सोल्डर करा, वायरीच्या दुसऱ्या टोकाला नको. स्विच उघडा (कॉन्टॅक्ट सुटलेले) असताना आपोआप २० मिलिव्होल्ट राहतील. बंद (कॉन्टॅक्ट जुळलेल्या) स्विचवर ५० मिलिओहमला जेमतेम ०.४९ मिलिव्होल्ट येतात, म्हणून मध्ये एडी ६२० (बारीक व्होल्टेज वाढवणारी चिप) लावा, ४९९ ओहम टाकून गेन १००, म्हणजे शंभर पट. मीटरच्या आकड्याला १०० ने भागलं की स्विचवरचं व्होल्टेज.

रेझिस्टन्स = व्होल्टेज ÷ (१० मिलिअँपिअर − व्होल्टेज ÷ २ ओहम)

दर वेळी करंट उलटा करून पुन्हा वाचा, दोन्हींची वजाबाकी करून निम्मं घ्या. चिपचा ऑफसेट (इनपुट शून्य असतानाही दिसणारं खोटं व्होल्टेज) १०० मायक्रोव्होल्ट असला तरी १० मिलिओहमची चूक होते. शिवाय हाताच्या उबेने सोल्डरच्या जोडांवर मायक्रोव्होल्ट तयार होतात, ते वेगळेच.

खाडीकाठ (रत्नागिरी)
जोडलं. दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर एडी ६२० आहे. आउटपुट साडेसात व्होल्टला चिकटून बसतो, स्विच दाबला तरी हलत नाही.

मिलिओहम
करंटची बॅटरी वेगळी असल्याने इनपुट अधांतरी राहिलेत. चिपच्या इनपुटांचा बारीकसा करंट परत जायला वाट हवी. स्विचचा एक पाय दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडाला जोडा.

खाजण
सर्किट ठीक, पण मोजताना क्रम पाळा. स्विच काढल्यावर खटखट दाबून बघायची सवय असते, ती आवरा. त्या घासण्याने पापुद्रा निघतो आणि पहिलं रीडिंग कायमचं जातं. तेच रीडिंग सगळ्यात खरं. पुढे दहा वेळा दाबा, प्रत्येक आकडा वेगळा लिहा. ३०, ३२, ३१, ४१० असं आलं तर सरासरी १२६ निघते आणि ती काहीच सांगत नाही. तो ४१० च तुमचा दोष. लीव्हर पूर्ण दाबूनच वाचा. स्विच पलटायच्या बेतात असतो तेव्हा कॉन्टॅक्टवरचा दाब शून्याकडे जातो, तिथे नवा स्विचही वाईट दिसतो.

आणि १० किलोओहमच्या पुल-अपला ४१० मिलिओहमने काही फरक पडत नाही. इनपुट सुटतो तो क्षणभर काही किलोओहम झाल्यावर. मिलिओहमचे विखुरलेले आकडे त्याची आगाऊ सूचना आहेत.

कारण आपल्या हवेत आहे. खारफुटीच्या चिखलातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, चांदी काळी पडते. वर मीठ. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी धरतं आणि पायांमध्ये गळती सुरू होते. म्हणजे उलटा दोषही येणार, उघडा स्विच बंद वाटायचा. उघड्या स्विचची गळती २० मेगाओहमच्या रेंजवर बघा, पण ती सगळ्यात शेवटी, २ ओहमचा रेझिस्टर काढून. सिलिकॉनचा स्प्रे मारू नका, ठिणगीत त्याचा वाळूसारखा थर बसतो.

चांदीचा ५ अँपिअरचा कॉन्टॅक्ट अर्ध्या मिलिअँपिअरला मुळात चुकीचा. सोन्याचा मुलामा असलेला, आयपी ६७ (धूळ-पाणी आत न जाऊ देणारा), वायरी आतूनच सील केलेला घ्या. तो कधीही मोटरच्या लोडवर लावू नका, मुलामा जळाला की पुन्हा चांदीच उरते.