मदत हवी आहे: फेब्रुवारीत स्कीइंग शिकायला सोलंगला जातोय, पुण्याहून आपली गाडी न्यावी का?

कातळवाट

नमस्कार मंडळी,

आम्ही पाच जण, तीन पुरुष आणि दोन बायका. सगळे पुण्याचे, ओळख सह्याद्रीतली. राजगड-तोरणा, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट, असं बरंच एकत्र झालंय. आता चाळिशी आली. यंदा ठरलंय की बर्फात जायचं आणि नुसते फोटो काढून परतायचं नाही, स्कीइंग नीट शिकायचं. मनालीजवळचं सोलंग जवळपास नक्की आहे.

अडलंय ते गाडीपाशी. आमच्यातल्या एकाकडे डिझेल एसयूव्ही आहे. बीएस-६ (नव्या प्रदूषण निकषांची), मॅन्युअल गिअर, फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाची ताकद फक्त पुढच्या चाकांना, फोर बाय फोरसारखी चारही चाकांना नाही. पुणे ते मनाली गाडीनेच जायचं अशी त्याची फार इच्छा आहे. गेलं वर्ष त्याला घरच्या आजारपणात खूप जड गेलं. या प्रवासाच्या बेतावर तो कितीतरी दिवसांनी उत्साहाने बोलताना दिसला, त्यामुळे मला त्याला सहज नाही म्हणायचं नाहीये. त्याच्या हातावर माझा पूर्ण विश्वास आहे. वरंध घाटात भर पावसात, धुक्यात त्याने गाडी काढलेली मी शेजारी बसून पाहिली आहे. पण बर्फावर आमच्यापैकी कुणीच कधी गाडी चालवलेली नाही, आणि पाच घरांची माणसं एका गाडीत असणार आहेत.

तर विचारायचं आहे ते असं. डिझेल थंडीत गोठतं म्हणतात, त्यात कितपत तथ्य? टायर बदलावे लागतील की बर्फासाठी टायरवर चढवतात त्या साखळ्या पुरतील? गाडी कुठपर्यंत न्यावी आणि कुठे थांबवावी? आणि एक वेगळा प्रश्न: आमच्यातल्या एकीच्या गुडघ्याच्या लिगामेंटचं काही वर्षांपूर्वी ऑपरेशन झालंय. ती ट्रेक व्यवस्थित करते. तिने स्कीइंग करावं का?

ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

सोलंगवारी

आधी स्कीइंगचं सांगतो, कारण तारखा त्यावर ठरतील.

मनालीला अटल बिहारी वाजपेयी इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग ही सरकारी संस्था आहे. तिचे स्कीइंगचे बेसिक कोर्स हिवाळ्यात सोलंगला होतात. शिस्त कडक, शिकवणं उत्तम, पण दोन आठवडे द्यावे लागतात आणि वयाची अट असते, ती त्यांच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. तेवढी रजा नसेल तर सोलंगमध्ये खासगी प्रशिक्षक मिळतात. मात्र रस्त्यावर गाठून "एक तासात शिकवतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. तो तुम्हाला उतारावर ढकलतो, खाली धरतो आणि फोटो काढून देतो. सलग चार-पाच दिवस एकच प्रशिक्षक ठरवा. पहिला दिवस सपाटीवर चालणं, पडणं आणि उठणं यातच जायला हवा. पायातल्या स्कीची, म्हणजे लांब पट्ट्यांची, पुढची टोकं जवळ आणून वेग कमी करणं म्हणजे स्नो-प्लाऊ. ते अंगात मुरल्याशिवाय वरच्या उतारावर नेणारा माणूस चुकीचा समजा.

उत्तराखंडातल्या औलीचाही विचार करून पाहा. तिथे गढवाल मंडल विकास निगमचे सात आणि चौदा दिवसांचे कोर्स असतात, उतार नवशिक्यांना सोयीचे आहेत. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठला जमीन खचली तेव्हा तिथून औलीला जाणारा रोपवे बंद केला गेला, त्यामुळे वर जायचा रस्त्याचा पर्याय आधी नक्की करून मगच बुकिंग करा.

तारखा फेब्रुवारीच्या ठेवल्यात ते फार चांगलं. हिमालयात हा बर्फ पश्चिमी विक्षोभांनी, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या हिवाळी वादळी हवेने येतो आणि अलीकडे तो उशिरा येतोय. जानेवारी २०२४ मध्ये तर गुलमर्गसुद्धा महिनाअखेरपर्यंत कोरडं होतं. हॉटेलचं बुकिंग असं करा की तारखा चार दिवस पुढेमागे सरकवता येतील.

गाडीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मनालीपर्यंत न्या, तिथे हॉटेलच्या आवारात लावा आणि सोलंगला रोज स्थानिक फोर बाय फोर टॅक्सीने जा. जेमतेम तेरा-चौदा किलोमीटर आहे. ताजा बर्फ पडला की पोलीस पुढे फोर बाय फोर किंवा साखळ्या लावलेल्या गाड्याच सोडतात. शिवाय त्या रस्त्यावर धोका स्वतःच्या गाडीचा कमी आणि समोरून घसरत येणाऱ्या पर्यटकांच्या गाडीचा जास्त असतो.

स्पॅनर_नाशिक

डिझेलवर लिहितो, माझा धंदाच तो आहे.

डिझेल पाण्यासारखं गोठत नाही. थंडीत त्यातलं मेण सुटायला लागतं आणि ते फिल्टरमध्ये अडकतं. मग सकाळी गाडी एकतर सुरूच होत नाही किंवा सुरू होऊन शंभर मीटरवर बंद पडते. आपल्याकडे हिवाळा आणि उन्हाळा यांसाठी डिझेलचे निकष वेगळे असतात. त्यामुळे एक साधी गोष्ट पाळा: महाराष्ट्रात किंवा मध्य प्रदेशात भरलेली टाकी वर नेऊ नका. पंजाबात टाकी खाली येऊ द्या आणि मंडी-कुल्लू भागात पूर्ण भरा. मुक्कामाला टाकी अर्ध्याच्या खाली नको, नाहीतर आतल्या हवेतली वाफ पाणी होऊन बसते. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास डिझेल काढलं. मनालीत तेवढी थंडी नसते, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. फक्त कुणाच्या सांगण्यावरून टाकीत रॉकेल मिसळू नका. जुन्या ट्रकांना ते चालून जायचं, बीएस-६ च्या इंजेक्टरचं आणि धुरातली काजळी गाळणाऱ्या फिल्टरचं (डीपीएफ) नुकसान होईल.

तुमच्या गाडीत ॲडब्लूची (धुराचं प्रदूषण कमी करणाऱ्या द्रवाची) टाकी असेल तर तो द्रव उणे ११ ला गोठतो. कंपनीने त्यासाठी हीटर दिलेला असतो, आपण काही करायचं नाही.

आता ज्याकडे कुणी पाहत नाही ते: कूलंट. आपल्या हवेत लोक वर्षानुवर्षं साधं पाणी टाकून भागवतात. ते पाणी बर्फ झालं तर रेडिएटर, वाईट वेळ आली तर इंजिनाचा ब्लॉकसुद्धा फुटतो. निघण्यापूर्वी सगळं काढून अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड पाणी असं भरून घ्या. ते उणे ३५ च्या आसपासपर्यंत टिकतं. काच धुवायच्या टाकीतलं पाणीही काढा, थंडीचं वॉशर फ्लुइड भरा. बॅटरी तीन वर्षांच्या वर असेल तर तपासून नाही, बदलूनच जा. थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि नेमकी तेव्हाच इंजिनाला जास्त लागते. ग्लो प्लगचा (सुरू करण्याआधी इंजिन आतून गरम करणाऱ्या प्लगचा) दिवा विझेपर्यंत थांबून मग स्टार्टर मारा.

रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका. ओले झालेले ब्रेक चिकटून बसतात. पहिल्या गिअरमध्ये लावा आणि चाकांना दगड द्या. सकाळी काचेवर उकळतं पाणी ओतायचं नाही, तडकते.

रॉकीज_रहिवासी

मी अमेरिकेत डेन्व्हरजवळ राहते, हिवाळ्यात दर शनिवार-रविवारी आमची मराठी टोळी डोंगरात असते. इथल्या आय-७० महामार्गाच्या डोंगराळ भागात १ सप्टेंबर ते ३१ मे टायरचा कायदा लागू असतो: टू व्हील ड्राइव्ह असेल तर टायरच्या खाचा किमान ४.८ मिलिमीटर खोल हव्यात आणि टायर बर्फाला चालणारे हवेत, नाहीतर साखळ्या किंवा तशीच मान्य साधनं गाडीत हवीत. भारतात टायर १.६ मिलिमीटरपर्यंत झिजला तरी कायद्याने चालतो. म्हणजे पुण्यात "अजून एक वर्ष जाईल" म्हणतात तो टायर बर्फात निरुपयोगी आहे.

कारण असं, की साध्या टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं आणि पकड सोडतं. खरे बर्फाचे टायर ओळखायचे तर बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकणाचं चित्र असतं. भारतात ते सहज मिळत नाहीत आणि एका प्रवासासाठी पाच टायर घेणं परवडणारंही नाही. त्यामुळे चांगल्या खाचांचे टायर आणि मापाच्या साखळ्या, एवढं बघा. साखळ्या पुढच्या चाकांना, कारण ताकद तिथे जाते. मात्र मागची चाकं मोकळी राहतात आणि उतारावर ब्रेक मारला तर गाडीची शेपूट फिरू शकते. म्हणून साखळ्या लावल्या तरी वेग ताशी ३० च्या आत ठेवा.

फोर बाय फोरबद्दल एक गैरसमज इथेही आहे. चारही चाकांची ताकद चढायला आणि निघायला उपयोगी पडते, थांबायला नाही. थांबताना सगळ्या गाड्या सारख्याच, फरक फक्त टायरचा.

चालवताना कुठलीही गोष्ट झटक्याने करायची नाही. निघताना दुसरा गिअर. उतरताना ज्या गिअरमध्ये गाडी स्वतःच्या वजनाने हळू उतरते तो आधीच धरायचा, मध्ये बदलायचा नाही. वळणापूर्वी वेग कमी करायचा, वळणात ब्रेक नाही. घसरलीच तर पाय सगळ्यावरून काढून जिकडे जायचंय तिकडे नजर आणि स्टिअरिंग. एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल आणि ब्रेक थरथरला तर पाय सोडू नका, दाबून धरा.

आणि पांढऱ्या बर्फापेक्षा न दिसणाऱ्या बर्फाला जपा. दिवसा वितळलेलं पाणी रात्री रस्त्यावर काचेसारखं गोठतं, डांबर नुसतं ओलं दिसतं. पूल, देवदारांच्या सावलीतली वळणं आणि सूर्य न पोहोचणारी डोंगराची बाजू, इथे सकाळी दहापर्यंत तो असतोच. घाटात मुरलेला ड्रायव्हर नेमका इथे फसू शकतो, कारण वरंधमध्ये ओला रस्ता म्हणजे फक्त ओला रस्ता असतो. कातळवाट, तुमच्या मित्राला हे वाचायला द्या. त्याचा हात चांगला आहे म्हणून तो हे लवकर शिकेल, पण पाच जण गाडीत असताना शिकू नये. मनालीत आधी एकट्याने, मोकळ्या सपाट जागेत, पायी चालायच्या वेगाने ब्रेक मारून पाहावं.

निवांतकाका

मुलांनो, अंतराचं कुणी बोललं नाही. पुण्याहून मनाली जवळजवळ दोन हजार किलोमीटर. एका बाजूला तीन पूर्ण दिवस धरा, तेही दोघे चालवणारे असतील तर. उत्तरेत फेब्रुवारीच्या सुरुवातीलाही पहाटे दाट धुकं असतं, हरियाणा-पंजाबात उजाडल्याशिवाय निघू नका. पोहोचल्यावर एक दिवस पूर्ण झोप घ्या. थकलेल्या पायांनी स्की लावलीत तर दुखापत ठरलेली.

झेलम एक्सप्रेसने अंबाला आणि तिथून बसने मनाली हाही मार्ग आहे. स्वस्त आणि निर्धास्त. पण तुमच्या मित्राबद्दल जे लिहिलंत ते वाचून मी म्हणेन, गाडीने जा. माणसाला काही वेळा स्टिअरिंग हातात लागतं. किरतपूर-नेरचौक चौपदरी झाल्यापासून घाटाचा बराच त्रास वाचला आहे. कुल्लू ते मनाली मात्र बियासच्या पुरांनी रस्ता वारंवार तुटला आहे, तिथे अंधार पडायच्या आत पोहोचा.

दुसरं, फार कळकळीने सांगतो. खोलीत कुणी सिगडी आणून दिली तर झोपताना बाहेर काढा, वीज गेली तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. बर्फात गाडी अडकली आणि हीटर लावून बसावं लागलं तर आधी सायलेन्सरभोवतीचा बर्फ हाताने साफ करा, थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पाहा आणि काच बोटभर उघडी ठेवा.

फिजिओ_सातारा

गुडघ्याबद्दल. ट्रेक जमतो म्हणजे स्कीइंग जमेल असं गृहीत धरू नका. चालताना पाय मोकळा असतो. स्कीच्या बुटात घोटा जखडलेला असतो आणि पडताना लांब पट्टी पायाला पिळते. तो पीळ थेट गुडघ्यात जातो, म्हणूनच या खेळात लिगामेंटच्या दुखापती जास्त.

तिने ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना दाखवून परवानगी घ्यावीच. ते हो म्हणाले तर आजपासून तयारी: भिंतीला पाठ लावून बसणं, एका पायावर स्क्वॉट, बाजूला सरकत पावलं टाकणं. आपण गडावर सरळ चढतो, बाजूचे स्नायू कच्चे राहतात. दुखरा आणि चांगला पाय यांची ताकद जवळपास सारखी झाली नाही तर यंदा नको.

भाड्याच्या दुकानात बाइंडिंगचं (बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीचं) सेटिंग वजन, उंची, अनुभव आणि बुटाचा आकार विचारून लावतात. न विचारता दिलं तर घेऊ नका. ते घट्ट राहिलं तर पडल्यावर स्की सुटत नाही. हे पाचही जणांना लागू. बुटात लोकरीचा एकच पातळ मोजा. दोन घातले तर रक्त दबतं आणि पाय उलट जास्त गार पडतात. बर्फ ऊन परत फेकतो, ताजा असेल तर अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत, तेव्हा गॉगल आणि हनुवटीखालीसुद्धा सनस्क्रीन.

कातळवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री पाचही जण माझ्या घरी बसून हा धागा मोठ्याने वाचत होतो. मित्र रॉकीजताईंच्या उत्तरावर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, मनालीपर्यंत माझी गाडी, पुढे त्यांची. त्याने हे स्वतःहून म्हटलं याचं मला फार बरं वाटलं.

तर ठरलं असं: गाडीने मनाली, दोघे आळीपाळीने चालवणार, रात्रीचा प्रवास नाही. सोलंगला टॅक्सी. कूलंट आणि बॅटरी या आठवड्यात बदलतोय, पुढचे दोन टायरही. मैत्रीण सोमवारी डॉक्टरांकडे जातेय. ते नाही म्हणाले तर ती आमच्याबरोबर येईलच, स्कीऐवजी बर्फातले बूट घालून जंगलात चालेल. तिला वगळून जायचं नाही यावर एकमत आहे.

एकच राहिलं. मनालीतच मोठा बर्फ पडला आणि परत निघायच्या दिवशी गाडी बर्फात असेल तर साखळ्या लागतील. पुण्यात विकत घ्याव्यात की तिथे भाड्याने?

स्पॅनर_नाशिक

विकत घ्या. भाड्याच्या मिळतात, पण बर्फ पडला की सगळे एकदम मागतात आणि हाताला येईल ते माप देतात. टायरच्या बाजूला लिहिलेलं पूर्ण माप दाखवून घ्या आणि चाकाच्या आतल्या बाजूला सस्पेन्शनला साखळी घासत नाही ना ते बघा, मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. आणखी एक: पुढचे दोनच टायर बदलू नका. मागे गुळगुळीत टायर राहिले तर ताईंनी सांगितलेली शेपूट आधी फिरेल. चारही एकसारखे बसवा. मग पुण्यातच पार्किंगमध्ये हातमोजे घालून साखळ्या लावायचा सराव करा, डोक्यावर टॉर्च लावून, रात्री. लावल्यावर शंभरेक मीटर चालवून पुन्हा ताणायच्या. डांबर दिसलं की लगेच काढायच्या.

निघायच्या आधी नाशिकवरून जाणार असाल तर कळवा, गाडी एकदा खालून बघून देतो.