सिड सीझरचा कान

अमेरिकन टीव्हीवरचा जुना विनोदी नट सिड सीझर म्हणजे नुसता आरडाओरडा, असं एक मत आहे. मला ते अजिबात पटलं नाही. त्याचा कान बघा! न्यूयॉर्कजवळच्या यॉन्कर्सला वडिलांची छोटी खानावळ होती. तिथल्या इटालियन, रशियन, पोलिश गिऱ्हाइकांचं बोलणं ऐकून पोरवयातच त्याने एकेका भाषेचा सूर उचलला. शब्द सगळे बनावट, ठेका मात्र अस्सल.

१९५०च्या दशकातलं त्याचं जर्मन जनरलचं स्किट जरूर पाहा. त्याचा बुटका सहकलाकार हॉवर्ड मॉरिस त्याला गणवेश चढवतोय, पदकं लावतोय, आणि हा खोट्या जर्मनमध्ये त्याच्यावर खेकसतोय. शेवटी ऐटीत बाहेर येतो, शिट्टी फुंकतो, तेव्हा कळतं, हा तर हॉटेलचा दरवान! तेही थेट प्रक्षेपणात, रिटेकची सोय नसताना. दुसरं महायुद्ध संपून तेव्हा फार वर्षं झाली नव्हती, हे विसरू नका.