मॉक ड्रिल दरवेळी ‘यशस्वी’च कशी ठरते?

नवा समन्वयक:
आमच्या संस्थेतील आपत्कालीन नियोजनाचे काम नुकतेच माझ्याकडे आले आहे. जुन्या फाइलींतील मॉक ड्रिलच्या प्रत्येक अहवालाचा शेवट ‘सराव यशस्वीरीत्या पार पडला’ या वाक्याने होतो. काय चुकले आणि त्यानंतर काय बदलले, याचा उल्लेख कुठेही नाही. सज्जता खरोखर वाढावी यासाठी सरावाची आखणी कशी करावी?

मागचा जिना:
वेळ आधी जाहीर करून मोकळ्या जिन्याने माणसे खाली उतरवली, तर फार तर जिना कुठे आहे एवढे कळते. आम्ही एकदा मुख्य जिना धुराने भरला आहे असे मानून तो दोरी बांधून बंद केला. मागच्या जिन्याने उतरलेली माणसे तळाच्या दारापाशी खोळंबली, कारण दाराला कुलूप होते आणि किल्ली ज्याच्याकडे असे तो कर्मचारी नेमका रजेवर होता. अहवालात ‘सराव फसला’ असे लिहायला वरिष्ठ शेवटपर्यंत राजी झाले नाहीत. कुलूप मात्र दुसऱ्या दिवशी निघाले.

पाठपुरावा:
उणीव सापडणे हे अर्धेच काम आहे. जुलै २००४ मध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्यात ‘हरिकेन पॅम’ या काल्पनिक वादळावर अनेक यंत्रणांनी एकत्र सराव केला, आणि न्यू ऑर्लिन्समध्ये पाणी शिरेल हे त्यात गृहीत धरले होते. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये कतरिना हे खरे वादळ आले, शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला आणि स्वतःचे वाहन नसलेल्या हजारो लोकांना वेळेत बाहेर काढता आले नाही. म्हणून सराव संपल्यावर माणसे पांगण्यापूर्वीच चर्चा घ्यावी आणि प्रत्येक उणिवेपुढे एकाच व्यक्तीचे नाव व तारीख लिहावी. (‘संबंधित विभाग’ असे लिहिले की ते काम कुणाचेच राहत नाही.)

नवा समन्वयक:
मनुष्यबळ कमी असल्यास केवळ टेबलाभोवती बसून केलेला सराव चालेल का?

पाठपुरावा:
सुरुवातीला अवश्य चालेल. निर्णय कोणी घ्यायचा, दूरध्वनी बंद पडल्यास निरोप कसा पोहोचवायचा, असे घोळ तिथेच उघडे पडतात. स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर अडकते की नाही, हे मात्र ते उचलून नेल्याशिवाय कळणार नाही. त्या वेळी हातात घड्याळ घेतलेला एक निरीक्षक बाजूला उभा ठेवावा, आणि त्याने कोणालाही मदत करू नये.