मेपलचं रोप: पान मोजण्याआधी देठ पाहा

"पाच टोकांचं पान दिसलं की मेपल" असं बरेचदा सांगतात; ते मोठ्या झाडाला चालेल, वाफ्यात आपोआप उगवलेल्या रोपाला नाही. बीजातून निघणारी पहिली दोन दळं लांबट, पट्टीसारखी, सरळ कडांची असतात, आणि त्यानंतरच्या खऱ्या पानांच्या पहिल्या जोडीलाही पुष्कळदा टोकं फुटलेली नसतात. पानं समोरासमोर आहेत का, हे आधी बघा. मेपलची असतातच. आमच्याकडे न्यू जर्सीत हे फार महत्त्वाचं, कारण बॉक्स एल्डर हाही मेपलच, पण त्याचं तीन पर्णिकांचं कोवळं पान हुबेहूब पॉयझन आयव्ही या विषारी वेलीसारखं दिसतं. पॉयझन आयव्हीची पानं एकाआड एक येतात. तशी दिसली तर हात लावू नका, अंगावर फोड येतात.

आणखी एक खूण म्हणजे चीक. पानं समोरासमोर असल्याची खात्री झाली की एक देठ मोडा. रुईसारखा पांढरा चीक आला तर बहुधा नॉर्वे मेपल. रेड किंवा शुगर मेपलचा रस पाण्यासारखा असतो. नॉर्वे मेपल मूळचा युरोपातला, दाट सावलीत खालचं काही वाढू देत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये त्याच्या विक्रीला बंदी आहे. त्याचं रोप दोन-चार पानांचं असतानाच, पाऊस पडून गेल्यावर मुळासकट उपटा, अलगद निघतं. जूनमध्ये नव्याने उगवलेलं रोप मात्र बहुधा रेड किंवा सिल्व्हर मेपलचं असतं, त्यांचं बी वसंतातच पडून लगेच रुजतं. रेड असेल तर ते जरूर ठेवा, इथलंच झाड आहे.